बदलायला मनाई असलेला चल

किंमत बदलू शकते तो चल, अशी व्याख्या आपण वर्गात सांगतो. मग जावा या संगणकभाषेत चलाआधी 'फायनल' लिहून त्याचे बदलणेच का थांबवतात? आणि ते केव्हा करावे?

मेथडच्या आत जन्मणारा आणि तिथेच संपणारा तो स्थानिक चल. समजा, तीन विषयांचे गुण मिळवून 'एकूण' हा चल तयार केला. (जावात चलाचे नाव देवनागरीतही चालते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते.) 300 पैकी 210 गुण मिळाले. पुढे कोणी चुकून 'एकूण'मध्येच टक्केवारी भरली, म्हणजे 70. आणखी चाळीस ओळी खाली या 70चीच पुन्हा टक्केवारी निघाली : 23! पहिल्या वर्गातला मुलगा नापास झाला आणि संगणकाने तक्रारही केली नाही. 'एकूण' फायनल असता, तर कंपायलरने दुसऱ्यांदा किंमत भरणारी ओळ तिथेच अडवली असती. लांबलचक मेथडमध्ये हा शब्द लिहावा तो यासाठी. पाच ओळींच्या मेथडमध्ये मात्र तो नुसती गर्दी करतो, असे मला वाटते.

एका ठिकाणी तर तो सक्तीचाच होता. 1997 साली जावा 1.1 मध्ये मेथडच्या आतच क्लास लिहायची सोय आली. अशा क्लासची वस्तू मेथड संपल्यावरही जिवंत राहू शकते. स्थानिक चल मात्र तोवर नाहीसा झालेला असतो. म्हणून ती वस्तू चलाच्या किमतीची नक्कल स्वतःजवळ ठेवते. मूळ किंमत नंतर बदलली, तर मूळ एक सांगेल आणि नक्कल दुसरेच! तेव्हा असा चल फायनलच हवा, असा नियम झाला. 2014 च्या जावा 8 पासून हा शब्द लिहावा लागत नाही. चल एकदाच भरला आहे ना, हे कंपायलर स्वतःच पाहतो. दुसऱ्यांदा भरलेला चल आतल्या क्लासमध्ये वापरला, तर तो आजही अडवतो.

दोन गैरसमज विद्यार्थ्यांमध्ये नेहमी आढळतात. फायनल लिहिल्याने आज्ञावली वेगाने चालते, हा एक. स्थानिक चलाच्या बाबतीत तसा फरक पडत नाही. दुसरा अधिक फसवा आहे. गुणांची यादी ठेवणारा ॲरे फायनल केला, तरी त्याच्या कप्प्यांतले गुण बदलता येतात. बंदी असते ती त्या नावाला दुसरा ॲरे जोडण्यावर. हजेरीपटाचे पुस्तक बदलता येणार नाही, आतली हजेरी मात्र रोज मांडता येईल, तसेच हे.