तेलाचा थेंब आणि दीर्घायुष्य

अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वे येथे, भुसावळ-नागपूर लोहमार्गाच्या काठी, वैशाखात पारा 45 अंशांच्या घरात जात असता, जुन्या घराच्या छतावर कित्येक दशके इमानाने फिरणारा जडशीळ पंखा दिसला, की त्याच्या दीर्घायुष्याचे रहस्य जाणून घ्यावेसे वाटते. ते त्याच्या रचनेतच आहे. अशा पंख्याच्या मोटारीत घासून झिजणारे कार्बनचे ब्रश नसतात. तांब्याच्या स्थिर वेटोळ्यांत उत्पन्न होणारे चुंबकीय क्षेत्रच फिरत्या भागाला स्पर्शावाचून फिरवते, आणि झीज होते ती मुख्यतः बेअरिंगची. पंखा मंदावला, तर दोष बहुधा लहानशा कपॅसिटरचा असतो, व तो बदलताच गती पूर्ववत होते.

शिवणयंत्राची हकीकत याहून साधी. 1851 साली आयझॅक सिंगर यांना अमेरिकेत ज्या यंत्राचे पेटंट मिळाले, त्याच कुळातील बिडाच्या अंगाची पायमशीन आजीकडून नातीकडे वारशाने येते. कारण तिला विजेची गरज नाही, सैल झालेला चामडी पट्टा कापून पुन्हा जोडता येतो, आणि तेलाचा थेंब वेळेवर मिळाला की तिची चाके तक्रार करीत नाहीत.

जी वस्तू स्क्रू काढून उघडता येते आणि जिचा झिजलेला भाग सुटा मिळतो, तीच पिढ्या पाहते. म्हणून जुना जिन्नस भंगारात घालण्यापूर्वी, वाचकहो, तो एकदा गावातल्या मिस्त्रीच्या हाती अवश्य द्यावा.