पाटी काढली, कुलूप लावले का?

जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली, ती संस्थेतलीच माहिती हरवू नये म्हणून. १९९१ मध्ये वेब बाहेरच्यांनाही खुले झाले. मग कोणाला काय दाखवायचे?

शाळेचे संकेतस्थळ घेऊ. प्रवेशाच्या तारखा सर्वांसाठी. सर्व मुलांचे गुण, पत्ते फक्त शिक्षकांसाठी. गुणपत्रकाचा दुवा काढला की ते लपले, असे आपल्याला वाटते. पण ती नुसती दारावरची पाटी. पानाचा पत्ता ठाऊक असला की सर्व्हर ते देतोच. म्हणून सर्व्हरने प्रत्येक मागणी तपासायला हवी. ओळख पटली नाही तर उत्तर ४०१. पटली, पण अधिकार नाही, तर ४०३.

लॉग-आउट करून गुणपत्रकाचा पत्ता टाकून पाहू. पान उघडले, तर कुलूप नाही.