परक्या देशातला गुरुजी



वेड पांघरून पेडगावला जाणे, हा वाक्प्रचार आपण सर्वांनी ऐकला आहे. आम्ही पेडगावचे राहणारे असल्यामुळे तो आम्हांस जरा जास्तच वेळा ऐकावा लागला. वाटाघाटीला बसलो आणि समोरच्या वकिलाने गाव विचारले, की उत्तर ऐकून तो हसणार हे ठरलेले. वास्तविक ते पेडगाव भीमेकाठचे, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. आमचे पेडगाव परभणी-मनमाड लोहमार्गावरचे एक लहानसे स्टेशन. परंतु आमच्याच गावच्या एका मुलाने हा वाक्प्रचार उलटा करून दाखविला. तो वेड पांघरून पेडगावहून जपानला गेला आणि तेथील मुलांचा गुरुजी झाला. परका माणूस जपानी मुलांना शिकवितो म्हणजे नेमके काय करतो, त्याचा दिवस कसा जातो, आणि त्यावरून आपण काय घ्यावे, एवढाच आजचा विषय.

हा मुलगा आमच्या संघटनेतील एका हमालाचा. घर माळकरी. पुण्यास शिकत असता त्याने जपानी भाषेचे वर्ग केले. इंग्रजी चांगले होतेच. मनुष्यबळ पुरविणाऱ्या एका कंपनीमार्फत तो तिकडील एका माध्यमिक शाळेत इंग्रजीचा साहाय्यक शिक्षक म्हणून लागला. दर रविवारी त्याचा फोन येतो. जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असते. आम्ही दुपारी जेवून पडलेलो असतो, तेव्हा त्याची संध्याकाळ चाललेली असते. पुढील हकीकत बरीचशी त्याच्या तोंडची आहे.

तेथे शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि मार्चमध्ये संपते. शाळेच्या दारात बाहेरची पायताणे काढून आतली घालावयाची. हा नियम मुलांस, तसाच मुख्याध्यापकांस. तास सुरू होताना एक विद्यार्थी हुकूम देतो, सर्वजण उठतात, वाकून नमस्कार करतात, मग बसतात. दुपारचे जेवण शाळेतच. शाळेतील जेवणाचा कायदा जपानने १९५४ साली केला. आपल्याकडील खिचडीसारखेच ते आहे, फरक इतकाच की पांढरे डगले घालून वाढप मुले करतात आणि गुरुजी त्याच वर्गात बसून तेच अन्न जेवतात. नंतर झाडू-फडके घेऊन वर्ग, जिने, व्हरांडे मुलेच झाडतात-पुसतात. आमच्या या मुलाने पहिल्या दिवशी फडके उचलले तेव्हा त्यास बरे वाटले. तो म्हणाला, "काका, बापाची आठवण झाली बघा. हितं फडकं हातात घ्यायची कुणालाच लाज नाही."

अडचण झाली ती जेवणाची आणि बोलण्याची. जपानी सूप साधे दिसले, तरी त्याच्या पाण्यात बहुधा सुकविलेल्या माशाचा अर्क असतो. माळ घातलेल्या मुलाने काय करावे? तो डबा नेऊ लागला. बोलण्याची अडचण त्याहून मोठी. त्याने प्रश्न विचारला, की वर्ग गप्प. हात वर होत नाही, मान वर होत नाही. पहिला महिनाभर तो फोनवर एकच सांगे, "काका, पोरं बोलायलीच नाहीत. मी हितं काय करायलोय तेच मला कळना."

पुढे उलगडा झाला. मुलांना उत्तर येत नव्हते असे नाही. चारचौघांत उत्तर चुकले तर आपली शोभा होईल, आणि बरोबर आले तरी आपण पुढे-पुढे केले असे दिसेल, या दुहेरी संकोचात ती अडकली होती. त्याने दोघा-दोघांना आपसांत बोलावयास लावले. मग कुजबुज सुरू झाली. खरी कोंडी मात्र डब्याने फोडली. एका मुलीने धीर करून विचारले, गुरुजी तुमच्या गावी काय खातात? त्याने फळ्यावर वाटोळी भाकरी काढली, ज्वारीचे कणीस काढले आणि वर्गाकडून शब्द म्हणवून घेतला. जपानी भाषेत आपला भ नाही. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "बकरी!" माळकऱ्याचा पोर रोज बकरी खातो, हे त्याला इतके अनपेक्षित होते की तो फळ्याला टेकून हसत राहिला. मुलेही हसू लागली. मग बकरी म्हणजे काय, हे सांगणे भाग पडले. त्या दिवसापासून वर्ग बोलू लागला.

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. त्या मुलांना इंग्रजीचे व्याकरण शिकविणारे जपानी शिक्षक आहेतच. परका गुरुजी जे शिकवितो ते वेगळे असते. हा मोठा माणूस आपल्यापुढे चुकतो, अडखळतो, हसतो, आणि तरी गुरुजी राहतो, हे मुले पाहतात. चुकण्याची भीती जावयास चुकणारा गुरुजी लागतो. वेड पांघरण्याचा खरा उपयोग तो हा.

हा अनुभव काही आजचा नव्हे. १८६८ नंतर नव्या जपानी सरकारने परदेशी तज्ज्ञ व शिक्षक मुद्दाम पगार देऊन बोलाविले. काहींचे पगार मंत्र्यांच्या तोडीचे होते. त्या परंपरेतील शेवटच्या काळचा एक शिक्षक म्हणजे लाफ्काडियो हर्न. आई ग्रीक, बाप आयरिश, एका डोळ्याने अंध. तो १८९० च्या ऑगस्टअखेर मात्सुए या गावी दरमहा १०० येनांवर इंग्रजी शिकविण्यास आला. मुलांचा नमस्कार, त्यांची शांतता, त्यांचे निबंध, घरी येऊन संकोचाने बसणे, हे सर्व त्याने एका इंग्रजी शिक्षकाची रोजनिशी म्हणून लिहून ठेवले असून ते १८९४ च्या त्याच्या पुस्तकात आहे. एकाच विषयावर अनेक मुलांच्या निबंधांत त्याच त्या कल्पना येतात, हे त्यालाही दिसले होते. म्हणजे आमच्या मुलाला जे कोडे पडले, ते सव्वाशे वर्षांपूर्वी त्यालाही पडले होते.

हर्न पुढे कुमामोतोस २०० येनांवर आणि १८९६ पासून टोकियोच्या विद्यापीठात ४०० येनांवर गेला. त्याने सेत्सु नावाच्या जपानी स्त्रीशी संसार केला. आपल्यामागे बायकामुलांचा कायदेशीर हक्क बुडू नये म्हणून १८९६ साली त्याने जपानी नागरिकत्व घेतले व कोइझुमी याकुमो हे नाव धारण केले. तरी १९०३ च्या मार्चमध्ये विद्यापीठाने त्याचा करार संपविला. त्याला ठेवावे म्हणून विद्यार्थ्यांनी गलका केला, पण उपयोग झाला नाही. त्याच्या जागी नात्सुमे सोसेकी हा जपानी विद्वान आला. तो पुढे त्या भाषेतील थोर कादंबरीकार झाला. हर्न दुसऱ्याच वर्षी, १९०४ साली, वारला.

यात देशाचे चुकले काय? आमचे उत्तर, धोरणात नाही. परक्यांकडून विद्या घ्यावी, ती आपल्या भाषेत आणावी आणि आपल्या माणसाने शिकवावी, हाच शहाणपणा होय. त्याचे मोल आम्हां मराठवाड्याच्या लोकांस विशेष कळावे. निजामी राज्यातील शिक्षणखात्याचे संचालक सर रॉस मसूद १९२२ साली जपानची शिक्षणपद्धती पाहण्यास गेले आणि १९२३ साली त्यांनी त्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. जपान आपल्या भाषेत शिकतो म्हणून पुढे गेला, याने ते भारावले होते, आणि उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाला, जे १९१८ साली निघाले होते, त्यातून आधारच मिळाला. परंतु पेडगावच्या पोरांची भाषा मराठी होती. आमचे वडील त्या अमदानीत शाळेत गेले. ते सांगत की गुरुजी वाईट नव्हते, पण ते काय बोलतात हे कळेपर्यंत घंटा होई. चार इयत्तांतच त्यांनी शाळा सोडली. जपानकडे पाहून हैदराबादने अर्धाच धडा घेतला. मुलाची भाषा कोणती, हे विचारावयाचे राहून गेले.

म्हणून परका गुरुजी म्हणजे परांची होय, असे आम्ही मानतो. गवंडी परांचीवर उभा राहून भिंत चढवितो. इमारत उभी राहिली, की परांची सोडतात. यात गैर काही नाही. परंतु बांबूची परांची सोडून वखारीत ठेवता येते. माणसाची परांची सोडल्यावर तो माणूस कोठे जातो, हे विचारणे आमच्यासारख्यांचे काम आहे.

आजचा हिशेब पाहा. १९८७ साली जपान सरकारने परदेशी तरुणांना शाळांत आणण्याची योजना काढली. पहिल्या वर्षी चार इंग्रजीभाषी देशांतून ८४८ जण आले. करार एक वर्षाचा, वाढवून फार तर पाच वर्षांपर्यंत. पुढे पुष्कळ नगरपालिका खासगी कंपन्यांकडूनही माणसे घेऊ लागल्या. सरकारी शाळेत परकी नागरिक कायम नोकरीत येऊ शकतो, परंतु १९९१ च्या सरकारी सूचनेनंतर बहुतेक ठिकाणी त्याला पूर्ण शिक्षकाऐवजी व्याख्याता म्हणून नेमतात. तेथून मुख्याध्यापकाच्या खुर्चीकडे वाट जात नाही.

खासगी शिकवणीवर्गांचे काय होते, ते २००७ साली जगाने पाहिले. नोव्हा ही इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालविणारी जपानमधील सर्वांत मोठी कंपनी त्या ऑक्टोबरात बुडाली. चार हजारांच्या आसपास परदेशी शिक्षकांचे पगार थकले. काहींची राहण्याची खोलीही कंपनीचीच होती, म्हणजे नोकरीबरोबर छप्परही गेले. तेव्हा कामगार संघटनेने एक उपाय काढला : शिकवणीच्या बदल्यात जेवण. जुने विद्यार्थी येत, धडा घेत आणि गुरुजींना जेवू घालीत. ही हकीकत वाचून आम्हांस एकाच वेळी बरे आणि वाईट वाटले. बरे अशासाठी, की विद्यार्थी गुरुजींना विसरले नाहीत. वाईट अशासाठी, की केलेल्या कामाचा पगार हा हक्क असतो, आणि जेवण ही माया असते. मायेवर महिना निघत नाही.

दार अगदीच बंद आहे असेही नाही. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली टोकियोच्या एदोगावा विभागात नगरसेवक म्हणून निवडून आले, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये इबाराकी प्रांतातील त्सुचिउरा येथील एका नावाजलेल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. मराठी माणसाला याचा अभिमान वाटणे योग्यच आहे. पण हेही ध्यानात ठेवावे, की त्यांनी २०१२ सालीच जपानी नागरिकत्व घेतले होते. हर्नला जे करावे लागले, तेच त्यांनाही करावे लागले. परकेपण सोडल्यावर खुर्ची मिळाली.

आमच्या मुलाचे पेच याहून लहान आहेत, पण त्याला ते लहान वाटत नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीत मुले घरी असतात आणि हा रिकाम्या शिक्षकखोलीत बसून भिंतीवरचे घड्याळ पाहतो. तेव्हा त्याच्या मनात नाना विचार येतात. या गावात भाजीवालीपासून सगळे आपल्याला सेन्सेई म्हणतात. सेन्सेई म्हणजे गुरुजी, आणि डॉक्टरांनाही तोच शब्द. वाट वाकडी करून लोक नमस्कार करतात. परंतु येत्या मार्चनंतर आपण येथे असू की नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. कंपनीला विचारावे तर उत्तर येते, कळवू. एकदा तो म्हणाला, "काका, मान लई हाय. पण मान काय ठिगळ लावायला येतो का?" आम्ही त्याला एवढेच सांगितले, की जपानच्या कामगार संघटना कायद्यात परक्या माणसालाही संघटनेत जाता येते, चौकशी कर आणि करारपत्राची प्रत जपून ठेव. २०१३ पासून तेथे असाही नियम आहे, की एकाच मालकाकडे मुदतीच्या करारांवर पाच वर्षांहून अधिक काम झाले, तर कामगार बेमुदत करार मागू शकतो. म्हणून पाचवे वर्ष भरत आले, की मालक सावध होतो. हे आम्हांस कोणी शिकवावे लागले नाही. सलग नोकरी मोजली जाऊ नये म्हणून मध्ये खंड पाडण्याची युक्ती आम्ही येथे जन्मभर पाहिली आहे.

आणि येथेच आम्ही जपान सोडून परभणीस परत येतो. आपल्या शाळा-महाविद्यालयांत घड्याळी तासिकेवर शिकविणारी मुले-मुली आहेत. ती परकी नाहीत, आपल्याच गल्लीतली आहेत. त्यांनाही आपण सर म्हणतो, मॅडम म्हणतो, गुरुपौर्णिमेला नारळ देतो. त्यांचे मानधन कित्येक महिने येत नाही, आणि उन्हाळ्याचे पैसे मिळतच नाहीत. ती औद्योगिक विवाद कायद्याचा आधारही घेऊ शकली नाहीत. कारण १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शिक्षक हे त्या कायद्याच्या व्याख्येतील कामगार नव्हेत, कारण त्यांचे काम थोर स्वरूपाचे आहे. थोरपणामुळे हक्क कमी झाल्याचे हे उदाहरण आम्ही सभांतून नेहमी देतो. आपल्याच मुलांच्या गुरुजीला आपण आपल्याच गावात परका करून ठेवला आहे. त्याला जपानला जाण्याचीही गरज पडली नाही.

गेल्या मार्चअखेर फोन आला. "काका, एक वरीस मिळालं." त्याच्या आवाजात आनंद होता. आम्हीही आनंद झाल्याचे सांगितले. शेवटच्या दिवशी त्या भाकरी विचारणाऱ्या मुलीने त्याला एक कागद दिला होता. त्यावर तिने देवनागरीत, एकेक अक्षर चित्रासारखे काढून, भाकरी असे लिहिले होते. या वेळी भ बरोबर होता.

श्रोतेहो, आपणांस एकच विनंती. जूनमध्ये शाळा उघडतील. आपल्या मुलाला कोण शिकवितो हे आपण विचारतोच. त्याला शेवटचा पगार कधी मिळाला, हेही एकदा विचारा.