उसाचे वजन आता गावातच



ऊस गेला, पण वजन किती भरलं? एवढ्यासाठी कारखान्यावर हेलपाटा पडतो. वारणानगर परिसरातील 70 गावांत 1998 मध्ये संगणक योजना सुरू झाली. ऊसनोंद, वजन, बिल गावातच कळू लागले. पुढे 2006-07 च्या सुमारास 7 गावांत हीच माहिती मोबाईल संदेशाने देण्याचा प्रयोग झाला.

आज मोबाईल घरोघरी आहे. कोहमारा परिसरातील सभासदांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे. ज्याला येतं त्याने दुसऱ्याला शिकवावं : संदेश वाचणे, पावतीशी वजन ताडून पाहणे, पावतीचा फोटो जपून ठेवणे. ओटीपी मात्र कोणालाही सांगू नका, समोरचा बँकेचं नाव घेवो की कारखान्याचं!

आपला ऊस, आपला हिशेब.