रविवारी चर्च, सोमवारी बाजार!

मैत्रिणींनो, गाड्यांच्या शर्यती म्हटलं की तो विषय आपण घरातल्या मुलांच्या आणि पुरुष मंडळींच्या नावावर टाकून मोकळ्या होतो. गरगर फिरणाऱ्या गाड्या, कान किटवणारा आवाज, त्यात आपलं काय काम? पण ऑस्ट्रेलियातल्या एका शर्यतीचं मूळ शोधत गेलं, तर ते थेट एका शेतकरणीच्या पत्रापाशी जाऊन पोचतं. म्हणून आज जरा वेगळा विषय.

ही शर्यत 'यूट'ची. यूट म्हणजे युटिलिटी, उपयोगाची गाडी. पुढून बघाल तर चारचौघांत मिरवावी अशी मोटार आणि मागे सामानासाठी उघडा हौदा. आपल्याकडच्या पिकअपची लांबची बहीणच म्हणा ना! माझी भाची मेलबर्नला राहते. तिने या शर्यतीची चित्रफीत दाखवली तेव्हा मी म्हटलं, "अगं, माल वाहायच्या गाड्या कुणी शर्यतीत पळवतं का?" ती हसून म्हणाली, "मावशी, यूट म्हणजे इथल्या शेतकऱ्याचा जीव की प्राण!"

गोष्ट १९३२ सालची. जगभर मंदीचा काळ. व्हिक्टोरिया राज्यातल्या गिप्सलँड भागातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं. तिची अडचण अगदी साधी होती. मोटार आणि ट्रक अशा दोन गाड्या घेणं त्यांना परवडत नव्हतं. पण रविवारी चर्चला जायला अंगावरचे चांगले कपडे न भिजता बसता येईल अशी गाडी हवी आणि सोमवारी डुकरं बाजारात न्यायलाही गाडी हवी. मग दोन्ही कामं करणारी एकच गाडी नाही का बनवता येणार?

हौदा असलेल्या गाड्या तेव्हाही होत्या, पण त्यांचं छत कापडी. पाऊस आला की आत पाणी! फोर्डच्या जिलाँगच्या कारखान्यात लुईस बँट नावाचा बाविशीतला तरुण आराखडे काढायचा. ते काम त्याच्याकडे आलं. त्याने पुढे पक्कं छत आणि काचा असलेली मोटार ठेवली आणि तिच्याच अंगाला सलग जोडून मागे हौदा दिला. जवळपास साडेपाचशे किलो माल त्यात बसायचा. १९३४ मध्ये ही गाडी बाजारात आली. असं सांगतात, की बँका तेव्हा चैनीच्या मोटारीला कर्ज देत नसत, कामाच्या गाडीला देत. म्हणजे कर्ज मिळालं कामासाठी आणि घरातल्या बाईला चर्चला जाताना डोक्यावर छप्पर मिळालं. एका दगडात दोन पक्षी!

पुढे १९५१ मध्ये होल्डन कंपनीनेही आपली यूट काढली. फोर्ड आणि होल्डन, जणू दोन भाऊबंद. एका घरात फोर्ड असेल तर शेजारी होल्डन, आणि दोघांत कायमची चुरस. या चुरशीतूनच २००१ मध्ये व्ही-एट यूट शर्यतींची मालिका सुरू झाली. व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, चार या बाजूला, चार त्या बाजूला, 'व्ही' अक्षरासारखी रचना. एकीकडे फोर्डची फाल्कन यूट, दुसरीकडे होल्डनची कमोडोर यूट. मोठ्या सुपरकार शर्यतींच्या आगेमागे या छोट्या शर्यती व्हायच्या आणि लोक त्या चुकवत नसत.

का बरं? कारण गाडीची घडणच अशी. इंजिनाचं सगळं वजन पुढे, जोर मागच्या चाकांना आणि मागचा हौदा रिकामा. रिकामी बैलगाडी खडबडीत रस्त्यावर कशी उडते, आठवून बघा. तसं या गाडीचं शेपूट वळणावर घसरतं. ते सावरत गाडी हाकायची म्हणजे चालकाची खरी परीक्षा. गाड्या एकमेकींना खेटून पळायच्या, धक्केही बसायचे.

यूटवाल्यांचा हंगामही ऐकण्यासारखा. ॲडलेडला त्यांची शर्यत शहराच्या रस्त्यांवरच व्हायची. मार्च महिना, म्हणजे तिकडे उन्हाळा संपत आलेला. ऑक्टोबरात वसंत ऋतू, तेव्हा बाथर्स्टचा डोंगर. तिथला माउंट पॅनोरमाचा मार्ग ६.२१३ किलोमीटरचा, त्यात २३ वळणं आणि तब्बल १७४ मीटरचा चढउतार. गंमत म्हणजे एरवी हा सार्वजनिक रस्ता आहे. त्याच्या कडेला लोकांची घरं आहेत आणि वेगाची मर्यादा ताशी ६० किलोमीटर! एरवी लोक ज्या रस्त्याने सावकाश घरी जातात, त्याच रस्त्यावर शर्यतीच्या दिवशी गाड्या वाऱ्यासारख्या सुटतात.

पण मला सगळ्यांत भिडला तो २०१८ चा हंगाम. त्याआधी काय घडलं ते सांगते. फोर्डने २०१६ च्या जुलैत आपली शेवटची ऑस्ट्रेलियन यूट बनवली आणि ७ ऑक्टोबर २०१६ रोजी तिथलं मोटारी बनवणंच बंद केलं. ज्या जिलाँगमध्ये पहिली यूट जन्मली, तिथलं फोर्डचं उत्पादनही थांबलं. वर्षभराने, २० ऑक्टोबर २०१७ ला, होल्डनचा एलिझाबेथचा कारखाना बंद झाला. कारखाना बंद होणं म्हणजे काय, हे गिरणगाव पाहिलेल्या महाराष्ट्राला सांगायला नको. नवी गाडीच बनणार नसेल तर शर्यत कशाची? २०१७ चा हंगाम जुन्या व्ही-एट यूट मालिकेचा शेवटचा ठरला.

आणि मार्च २०१८ मध्ये 'सुपरयूट्स' नावाची नवी मालिका सुरू झाली, ती कुठे? ॲडलेडला! एलिझाबेथ हे त्याच शहराचं उपनगर. तिथला कारखाना बंद होऊन पाच महिनेही झाले नव्हते. नव्या गाड्या होत्या टोयोटा हायलक्स, फोर्ड रेंजर, माझदा, मित्सुबिशी, इसुझू आणि होल्डनची कोलोरॅडो. चार दारांच्या, उंच, डिझेलवर चालणाऱ्या. ऑस्ट्रेलियाच्या बाजारात या सगळ्या थायलंडहून यायच्या. रायल हॅरिस हा जुन्या मालिकेतला कसलेला चालक या पहिल्या हंगामाचा विजेता ठरला.

पण प्रेक्षकांना चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. डिझेल इंजिनाला जुन्या व्ही-एटची ती गर्जना कुठून येणार? ढोल-ताशाशिवाय मिरवणूक निघाल्यासारखं! अखेर २०२१ मध्ये याच उंच गाड्यांच्या पोटात व्ही-एट इंजिनं बसवून शर्यती सुरू झाल्या. गर्जना परत आली. गिप्सलँडच्या बाईला हवी होती तशी, देशात बनणारी बुटकी यूट मात्र आली नाही.

तरी एक बघा. तिने सांगितलेली गरज काही संपली नाही. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात सर्वांत जास्त खपलेलं वाहन होतं हायलक्स, म्हणजे यूटच! २०२३ मध्ये तो मान रेंजरने घेतला, तीही यूटच. आता फरक इतकाच, की चार दारांमुळे पोरंबाळंही मागच्या बाकावर बसतात.

तुम्ही विचाराल, चालवणाऱ्यांत बायका आहेत की नाहीत? आहेत ना. १९९८ मध्ये बाथर्स्टच्या हजार किलोमीटरच्या शर्यतीत मेलिंडा प्राइस आणि केरिन ब्रूअर या दोघींनी मिळून अकरावा क्रमांक मिळवला. स्वित्झर्लंडची सिमोना द सिल्व्हेस्ट्रो २०१७ ते २०१९ असे तीन पूर्ण हंगाम सुपरकारमध्ये पळाली. व्ही-एट सुपरयूट्समध्ये एलेक्झांड्रा बेस्ट ही तरुणी उतरली. संख्या थोडी आहे, पण वाट पडली आहे.

आता मनाला लागलेली गोष्ट. गाडीचा आराखडा काढणाऱ्या बँटचं नाव इतिहासात आहे. शर्यत जिंकणाऱ्यांची नावं नोंदलेली आहेत. कारखाने कोणत्या तारखेला बंद पडले तेही आपण सांगू शकतो. पण जिच्या पत्रातून हे सगळं निघालं, तिचं नाव? फक्त 'एका शेतकऱ्याची बायको'!

बचत गटांच्या कामात मला हेच रोज दिसतं. नळाला पाणी नाही, रस्त्यावर दिवा नाही, एसटीची वेळ सोयीची नाही. अडचण नेमकी काय आहे हे बायकांना पक्कं ठाऊक असतं. उपायही त्याच सुचवतात. पण अर्जाखाली लिहायचं काय? 'समस्त महिला मंडळ'! सही कर म्हटलं की एकमेकींच्या मागे लपतात. "आमचं नाव कशाला ताई, गावाचं काम आहे."

गावाचं काम आहे, कबूल. पण ते कुणाला सुचलं, हेही गावाला कळू दे की! त्या माउलीने 'बायकांना फार त्रास होतो हो' असं मोघम लिहिलं नाही. रविवारी काय हवं, सोमवारी काय हवं, परवडत काय नाही, एवढंच लिहिलं, आणि तेवढ्यावर एका इंजिनिअरला गाडी काढता आली.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज द्याल तेव्हा असंच नेमकं लिहा. खाली आपलं पूर्ण नाव लिहा, तारीख घाला, पोच घ्या आणि एक प्रत घरच्या कपाटात जपून ठेवा. लेकी-सुनांना कधीतरी दाखवायला उपयोगी पडेल.