वसतिगृहांतील गाणें

अमेरिकेंतील कॉलेजांत विद्यार्थ्यांचीं ग्रीक अक्षरांच्या नांवांचीं मंडळें असतात; मुलांचीं निराळीं, मुलींचीं निराळीं. एखाद्या तरुणानें आपल्या मंडळाची बोधचिन्हाची पिन प्रेयसीस दिली, म्हणजे त्याच्या साऱ्या सोबत्यांनीं रात्रीं तिच्या निवासाच्या खिडकीखालीं जमून गावयाचें, अशी तेथें जुनी चाल आहे. तिला 'सेरेनेड' म्हणतात. अशा प्रसंगींचें एक प्रसिद्ध गीत १९११ सालीं मिशिगनमधील आल्बियन कॉलेजांतल्या दोन विद्यार्थ्यांनीं रचिलें.

आपल्याकडे कोणी असें गाऊं लागला, तर मुलीच्या आधीं तिचे वडील खालीं येतील! परंतु एका छपराखालीं राहणारीं, एका पंगतीस जेवणारीं मुलें आपोआप एकत्र गाऊं लागतात, हें त्या चालीचें मूळ येथेंही आहे. एकट्यानें कविता म्हणतांना ज्याचे पाय लटपटतात, तोच मुलगा दहा जणांत खडा आवाज लावतो, हें मीं मास्तरकींत वर्षानुवर्षें पाहिलें आहे. छावणींत आम्ही हुकमाचा बिगुल ऐकतों. वसतिगृहांतील गाण्यास हुकूम लागत नाहीं, आणि म्हणूनच तें कधीं कधीं हुकूम देणारांस जड जातें.

१९३८ सालीं याच शहरांत, म्हणजे तेव्हांच्या औरंगाबादेंत, तसें घडलें. येथील इंटरमीजिएट कॉलेज १९२३ चें, उस्मानिया विद्यापीठास जोडलेलें. निजामाच्या राज्यांत ऑक्टोबरपासून स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह चालू होता. नोव्हेंबरांत वसतिगृहांतील मुलें प्रार्थनेंत 'वंदे मातरम्' गाऊं लागलीं, आणि वरिष्ठांनीं मनाई केली. गीत राजकीय आहे, त्यानें इतरांचीं मनें दुखावतात, असें सरकारपक्षाचें म्हणणें. तें अगदींच निराधार नव्हतें. पुढील कडव्यांतील देवीच्या कल्पनेवर आक्षेप आल्यामुळें काँग्रेसनेंच १९३७ सालीं पहिलीं दोन कडवीं तेवढीं गाण्याचें ठरविलें होतें. तथापि आपल्या प्रार्थनेंत काय गावें हें दुसऱ्यानें सांगावें, हें मुलांस मानवलें नाहीं. संप झाला. त्याचें लोण हैदराबादेस पोहोंचलें, आणि शेकडों विद्यार्थ्यांस काढून टाकण्यांत आलें.

काढून टाकणें म्हणजे काय, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें. उस्मानियांत शिक्षण उर्दूंतून होत असे, बाहेर तें इंग्रजींतून. म्हणजे गांव, वसतिगृह आणि शिकण्याची भाषा, तिन्ही एकदम बदलावयाचीं! नागपूर विद्यापीठाचे कुलगुरु केदार यांनीं आपलीं दारें उघडलीं, म्हणून अनेकांचें शिक्षण तुटलें नाहीं. काढलेल्यांपैकीं पी. व्ही. नरसिंह राव यांनीं पुढें नागपुरासच कायद्याची पदवी घेतली. ते १९९१ सालीं भारताचे पंतप्रधान झाले.