बॉब डिलन यांचा 'टाइम आउट ऑफ माइंड' : निर्मितीचा क्रम आणि आस्वादाचा क्रम

प्रस्तावना :
कलाकृतीचा अर्थ कलावंताच्या चरित्रात शोधण्याची पद्धत साहित्याप्रमाणेच लोकप्रिय संगीताच्या समीक्षेतही रूढ आहे. ही पद्धत कोठे अपुरी पडते, हे अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन यांच्या 'टाइम आउट ऑफ माइंड' या १९९७ च्या रॉक अल्बमच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

निर्मिती :
१९९० च्या 'अंडर द रेड स्काय' नंतर सात वर्षे डिलन यांचा स्वरचित गीतांचा नवा अल्बम आला नाही. १९९२ व १९९३ मधील त्यांचे दोन अल्बम पारंपरिक लोकगीते आणि जुनी ब्लूज गीते यांचे होते. ती त्यांनी वाद्यवृंदाशिवाय, स्वतःच्याच साथीने गायिली होती. त्यानंतर रचलेल्या गीतांचे मुख्य ध्वनिमुद्रण जानेवारी १९९७ मध्ये मायामी येथील क्रायटेरिया स्टुडिओत झाले. निर्माते डॅनियल लॅनवा यांनी डिलन यांच्यासमवेत १९८९ च्या 'ओह मर्सी'वर काम केले होते. मायामीत अनेक गिटार, ऑर्गन आणि एकाहून अधिक ड्रमवादक यांना एकत्र वाजवावयास लावून त्यांनी दाट, घुमणारा ध्वनी साधला.

स्वागत :
मे १९९७ च्या अखेरीस डिलन यांना बुरशीजन्य संसर्गामुळे हृदयावरणाचा दाह झाला. त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि युरोपचा दौरा रद्द झाला. अल्बम प्रकाशित झाला तो ३० सप्टेंबर रोजी. 'नॉट डार्क यट', 'ट्राइंग टू गेट टू हेवन' यांसारखी शीर्षके समोर असताना, मृत्यूच्या दारातून परतलेल्या कलावंताचे हे मनोगत आहे, असा अर्थ अनेकांनी लावला. अमेरिकेच्या बिलबोर्ड सूचीत अल्बम दहाव्या स्थानापर्यंत पोहोचला. फेब्रुवारी १९९८ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमच्या सन्मानासह त्याला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

विवेचन :
तारखांचा क्रम पाहता हा अर्थ टिकत नाही. गीते आजारापूर्वी रचली गेली होती व ध्वनिमुद्रितही झाली होती. मग त्यांतील मृत्यूची छाया कोठून आली? तिचा एक उगम परंपरेत आहे. ब्लूज आणि कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांत मरण, विरह व अखंड वाटचाल हे नित्याचे विषय आहेत. १९६२ च्या आपल्या पहिल्याच अल्बममध्ये डिलन यांनी मरणविषयक अनेक जुनी गीते गायिली होती. त्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांचे वय केवळ २० वर्षांचे होते. १९९७ मध्ये विषय नवा नव्हता. पन्नाशी ओलांडलेल्या, खरखरीत झालेल्या आवाजाने त्याला वजन आले, एवढाच फरक.

दुसरा उगम ध्वनियोजनेत आहे. लॅनवा यांच्या योजनेत गायकाचा आवाज दूरच्या, अंधाऱ्या दालनातून आल्यासारखा भासतो. जानेवारी २०२३ मध्ये प्रकाशित झालेल्या 'फ्रॅगमेंट्स' या संचात त्याच ध्वनिमुद्रणांचे नवे मिश्रण आहे. त्यात ध्वनिपरिणाम कमी केल्याने आवाज जवळ येतो आणि मूळ गायन तेच असूनही उदासी विरळ होते. म्हणजेच आत्मकथन समजले गेलेले काही अंशी मिश्रणाचे कार्य होते. डिलन यांनी २००१ च्या 'लव्ह अँड थेफ्ट'ची निर्मिती 'जॅक फ्रॉस्ट' या टोपणनावाने स्वतः केली, हेही येथे लक्षणीय ठरते.

शिवाय अल्बममधील बहुसंख्य गीते भग्न प्रेमाविषयी आहेत. 'मेक यू फील माय लव्ह' हे गीत २००८ मध्ये ॲडेल यांनी गायिले आणि ते मृत्युचिंतनाच्या चौकटीबाहेर केवळ प्रेमगीत म्हणून लोकप्रिय झाले.

निष्कर्ष :
श्रोत्यांनी लावलेला अर्थ निरर्थक ठरत नाही. तो स्वागताच्या इतिहासाचा भाग आहे. मात्र त्याला कलावंताच्या हेतूचा पुरावा मानता येत नाही. निर्मितीच्या आणि प्रकाशनाच्या तारखा वेगवेगळ्या मांडणे ही साधी शिस्त अध्यापनात पाळल्यास, चरित्रातील नंतरची घटना कलाकृतीचे कारण म्हणून सांगण्याचा दोष टाळता येतो. ही शिस्त कवितेच्या अध्यापनासही तितकीच लागू पडते.